शेजाऱ्यांच्या रेडिओत खरखर : जबाबदारी कोणाची?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. एका कंपनीने वापरून काढलेला सर्व्हर मी विकत घेऊन तळघरात बसवला. शेजारचे काका परवानाधारक हॅम (हौशी) रेडिओचालक आहेत. सर्व्हर सुरू झाला की त्यांच्या रेडिओत खरखर येते, असं ते सांगतात. सर्व्हरवर एफसीसी या अमेरिकी दूरसंचार नियामक संस्थेचं लेबल आहे. तरी तो बंद करावा लागेल का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : लेबल असलं तरी जबाबदारी तुमचीच आहे. एफसीसीच्या नियमावलीतल्या भाग 15 नुसार अशी उपकरणं दोन अटींवर चालवता येतात : इतरांच्या रेडिओसेवेत हानिकारक व्यत्यय आणायचा नाही आणि बाहेरून येणारा व्यत्यय सोसायचा. काकांच्या परवानाधारक सेवेला संरक्षण आहे, तुमच्या सर्व्हरला नाही.

आधी माहितीपुस्तिकेत उपकरणाचा वर्ग पाहा. 'क्लास बी' घरगुती वापरासाठी असतो. 30 ते 88 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्याला 3 मीटरवर दर मीटरला 100 मायक्रोव्होल्टची मर्यादा आहे. 'क्लास ए' कार्यालयं-कारखान्यांसाठी असतो. त्याला 10 मीटरवर 90 चालतात, म्हणजे सारख्याच अंतरावर मोजलं तर जवळपास तिप्पट सूट. कंपन्यांतले सर्व्हर बहुतेक याच वर्गातले. निवासी भागात व्यत्यय आला तर तो वापरणाऱ्याने स्वखर्चाने दूर करावा, असा इशाराच त्यांच्या पुस्तिकेत असतो.

काकांना रेडिओ लावायला सांगा आणि सर्व्हर बंद-चालू करून खात्री करून घ्या. खरखर सर्व्हरचीच निघाली, तर त्याचं धातूचं झाकण नीट बसवा. वीज आणि नेटवर्कच्या केबलींवर फेराइटच्या कड्या चढवा, कारण केबली अँटेनासारखं काम करतात. जागा बदलून, वेगळ्या सर्किटवर जोडूनही पाहा.

शेजाऱ्यांची तक्रार म्हणजे सरकारी आदेश नव्हे. मात्र एफसीसीच्या प्रतिनिधीने व्यत्ययाबद्दल कळवलं, तर उपकरण बंद करावंच लागतं आणि दोष दूर होईपर्यंत सुरू करता येत नाही. ती वेळ येऊ देऊ नका. वादळात फोन ठप्प झाले, की हेच हॅमचालक निरोप पोचवतात. वरचे उपाय करूनही खरखर थांबली नाही, तर घरासाठी 'क्लास बी'चं यंत्र घ्या.