निरोगी जनावराचे रक्त आणि कोटीपोटातील द्रव

निरोगी गाईच्या 100 मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन साधारण 8 ते 15 ग्रॅम आणि साखर 45 ते 75 मिलिग्रॅम असते. माणसाचे माप लावले तर यांतल्या बहुतेक गाई रक्तक्षयी आणि साखर उतरलेल्या ठरतील. तसे खरोखर घडतेही. खेड्यापाड्यांतून जनावराचे रक्त कित्येकदा माणसांच्याच लॅबमध्ये पोहोचते, तिथे आकड्याशेजारी माणसाची मर्यादा छापली जाते, आणि 52 साखर असलेल्या, व्यवस्थित रवंथ करणाऱ्या गाईला सलाइन लागते. पांढऱ्या पेशींचेही तेच. माणसात न्यूट्रोफिल जास्त, तर निरोगी गाईत लिम्फोसाइट जास्त; हा उलटा क्रम पाहून घाबरायचे कारण नाही. गाईत न्यूट्रोफिल वरचढ झाले तर मात्र ताण किंवा संसर्ग शोधावा.

शेळीच्या तांबड्या पेशी पाळीव जनावरांत सर्वांत लहान. त्यांचा आकार 16 ते 25 फेम्टोलिटर, माणसाच्या पेशीचा 80 ते 100. त्यामुळे माणसासाठी लावलेले यंत्र शेळीच्या पुष्कळशा पेशी प्लेटलेट समजून मोजते, आणि तांबड्या पेशी उगाच कमी दिसतात. यंत्र जनावराच्या जातीनुसार लावलेले नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नये. उंटाच्या कुळात पेशी चक्क लंबगोल असतात; कच्छहून मेंढ्या घेऊन विदर्भात फिरणाऱ्या रबाऱ्यांच्या उंटातही आणि दक्षिण अमेरिकेतल्या लामातही. लामाची साखर 100 च्या पुढे असली तरी तो निरोगीच असतो. रवंथ करतो म्हणून त्याला गाईचे आकडे लावणे चुकीचे ठरते.

रक्त कसे काढले, यावरही आकडा बदलतो. जनावराला दोन माणसांनी धरून आपटले, झटापट झाली, की प्लीहा आकुंचन पावते आणि साठवलेल्या पेशी रक्तात येतात. रक्तक्षय असला तरी तो झाकला जातो. साखर बघायची असेल तर फ्लोराइडची राखाडी टोपणाची नळी हवी, कारण साध्या नळीत पेशी साखर खात राहतात. नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेला नमुना तर टाकूनच द्यावा.

रक्तापेक्षा लवकर आणि स्वस्तात बोलतो तो कोटीपोटातील द्रव. तोंडातून नळी घालून तो काढतात. पहिला सुमारे 200 मिलिलिटर टाकून द्यावा, कारण त्यात लाळ मिसळते आणि सामू खोटा वाढतो. चाऱ्यावरच्या निरोगी जनावराचा सामू 6.2 ते 7.2 असतो, खुराक घातल्यावर काही तास तो उतरतो, म्हणून वेळ लिहून ठेवावी. रंग चाऱ्याप्रमाणे बदलतो: हिरव्या चाऱ्यावर हिरवा, कडबा-कुटारावर तपकिरीकडे झुकणारा. वास तीव्र असला तरी आंबट नसतो. द्रव काचेच्या नळीत उभा ठेवला की बारीक कण खाली बसतात, जाड तंतू वायूच्या बुडबुड्यांसोबत वर येतात. निरोगी द्रवात हे 4 ते 8 मिनिटांत होते. 20 मिलिलिटर द्रवात 0.03 टक्क्यांचे मिथिलीन ब्लू 1 मिलिलिटर टाकले तर निळेपणा 3 ते 6 मिनिटांत जायला हवा.

सर्वांत बोलकी परीक्षा सूक्ष्मदर्शकाखाली होते. कोमट काचपट्टीवर एक थेंब ठेवला तर लहान, मध्यम, मोठे आदिजीव गर्दीच्या रस्त्यावरच्या माणसांसारखे एकमेकांना ढकलत जाताना दिसतात. पट्टी गार असेल तर ते थांबतात आणि धडधाकट द्रव मेलेला वाटतो. जानेवारीच्या सकाळी ही फसगत हमखास होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच थेंबात काहीच हलत नाही. बैलाला प्रेमाने पुरणपोळ्या आणि शिजवलेले धान्य भरवलेले असते. लग्नसराईत उष्टे अन्न खाल्लेल्या गाई-शेळ्यांचेही तेच. द्रव दुधाळ राखाडी, वास आंबट, सामू 5 च्या आसपास किंवा खाली. आधी मोठे आदिजीव मरतात, मग सगळेच. उलट युरिया खाल्लेल्या जनावराचा सामू 7.5 च्या वर जातो. पोट दोघांचेही फुगू शकते, उपचार मात्र उलटे: पहिल्याला खाण्याचा सोडा, दुसऱ्याला व्हिनेगर. काही रुपयांची लिटमसची पट्टी न वापरता अंदाजाने सोडा पाजणे म्हणजे युरियाच्या जनावराला मरणाकडे ढकलणे.

मर्यादा ठरतात त्या निरोगी जनावरांच्या मधल्या 95 टक्क्यांवरून. म्हणजे 20 निरोगी गाईंतली सरासरी एक कोणत्याही तपासणीत बाहेर पडते. अशी मर्यादा नीट ठरवायला किमान 120 निरोगी जनावरे घ्यावीत असा संकेत आहे. पुस्तकांतले बरेच आकडे परदेशी होल्स्टीन गाईंचे, तिथल्या खुराकावरचे आहेत. तुरीचे कुटार आणि सरकीची ढेप खाणारी गवळाऊ गाय, नागपुरी म्हैस किंवा बेरारी शेळी त्यात बसेलच असे नाही. म्हणून गोठ्यातून आजारी जनावराचा नमुना पाठवताना त्याच वयाच्या, त्याच चाऱ्यावरच्या एका धडधाकट जनावराचाही पाठवावा, आणि चिठ्ठीवर जात, वय, गाभण किंवा व्यालेली तारीख, शेवटचा खुराक आणि नमुना घेतल्याची वेळ लिहावी.