सातवी सांभाळ

अगं, आरशापुढे उभी राहा आणि पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजत जा. आठवी ती अक्कलदाढ. विशीतल्या तुम्हा पोरींना तिचीच धास्ती. मी म्हणते, सातवीकडे बघ. दाताच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं डॉक्टरांच्या बाजूला सक्शनची नळी धरून उभी राहिलेय. अक्कलदाढेपायी गेलेल्या सातव्या किती पाहिल्या, त्याला गणती नाही.

होतं काय, जबड्यात जागा पुरत नाही म्हणून खालची आठवी तिरकी येते आणि सातवीच्या पाठीला डोकं टेकून बसते. अर्धी वर, अर्धी हिरडीत. मधल्या खाचेत पोह्यातला शेंगदाणा, मेथीचं पान, चिवड्यातलं डाळं अडकून कुजतं. आणि टेकते तरी कुठे, तर सातवीच्या मानेशी, जिथे दाताचं कडक कवच पातळ होत संपतं. कीड तिथूनच आत शिरते. वरून दाढ शुभ्र, दुखणं नाही. कळ येते तेव्हा कीड बहुतेक नसेजवळ पोचलेली असते.

म्हणून आधी नाकाला विचार. सातवीच्या मागे फ्लॉसचा दोरा घाल, घासून काढ आणि हुंग. रोज त्याच जागी कुबट वास येत असेल तर गुळण्या करत बसू नकोस, एक्स-रे काढ. पूर्ण जबड्याचा तो ओपीजी. लागला तर त्या जागेचा छोटा फोटोही.

घासताना मोठा आ करू नकोस, गाल ताणला की ब्रश मागे शिरत नाही. तोंड अर्धवट मिटून लहान डोक्याचा ब्रश आडवा सरकव. एकाच झुपक्याचा ब्रशही मिळतो, तो अगदी मागच्या कोपऱ्यासाठी.

दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो माझ्याच तोंडात होता. लवंगेच्या तेलाचा बोळा धरून वर्षभर ढकललं. लवंग कळ मारते गं, किडीला तिचं काय! फोटो निघाला तेव्हा सातवी पार पोखरलेली. दोन्ही काढाव्या लागल्या. भाकरी अजून उजवीकडूनच चावते.

तरी अक्कलदाढ सरसकट उपटायला धावू नकोस. सरळ, पूर्ण उगवलेली, ब्रश पोचतो अशी आठवी राहू दे. इंग्लंडमध्ये तर २००० साली सरकारी सल्लाच निघाला, की निरोगी अडकलेली अक्कलदाढ काढू नये. पुढे तिथल्याच डॉक्टरांची कुरकुर सुरू झाली, की तिरक्या ठेवलेल्यांपायी सातव्या किडतात. तिरकी ठेवायची तर फोटो अधूनमधून काढत राहायचा, एवढंच मला पटतं.

काढायची ठरलीच, तर कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धर. त्या दिवशी थुंकणं नाही, स्ट्रॉने सरबत ओढणं नाही. रक्ताची गाठ निघाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, त्याही हलक्या. आणि खुर्चीतून उतरण्याआधी डॉक्टरांना सांग, सातवीची पाठ आता उघडी पडलीय, तेवढी बघून घ्या.