लॉगिन यशस्वी

मध्यम आकाराच्या कंपन्यांची नेटवर्कं सांभाळण्याचं काम मी पुण्यात करतो. कोविडच्या काळात व्हीपीएन घरोघरी पोचलं आणि त्यामागोमाग ‘व्हीपीएनचे लॉग सीममध्ये पाठवा’ ही मागणी आली. सीम म्हणजे सगळ्या यंत्रांच्या नोंदी एका जागी गोळा करून त्यांतला धोका हुडकणारी प्रणाली. फायरवॉलमध्ये तिचा पत्ता आणि पोर्ट भरला, की लॉग जायला लागतात. ते काम चहा येईपर्यंत उरकतं. पुढचे बोल त्यानंतरच्या कामाचे.

१. चुकलेल्या पासवर्डपेक्षा बरोबर पडलेल्या पासवर्डकडे बघा.

नवा डॅशबोर्ड लागला, की साहेबलोकांना लाल आकडे आवडतात. पण इंटरनेटवर उघड्या असलेल्या कुठल्याही व्हीपीएनवर रात्रंदिवस कुणी ना कुणी ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’ अशी नावं घालून बघतच असतं. ते मोजून फारसं काही कळत नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइनचं काय झालं ते आठवा. चोर आले ते व्हीपीएनच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या पण बंदही न केलेल्या खात्यातून. पासवर्ड बरोबर होता आणि ओटीपीसारखा दुसरा अडसर नव्हता. पहिला शिरकाव २९ एप्रिलचा, खंडणीची चिठ्ठी ७ मेची. कंपनीने पाइपलाइन बंद ठेवली आणि सुमारे ४४ लाख डॉलर मोजले. त्या २९ तारखेच्या नोंदीत लाल काहीच नसणार. नोंद साध्या यशस्वी लॉगिनची.

इथेच एक खोच आहे. सीमचं बिल बहुधा रोजच्या डेटाच्या प्रमाणात येतं. म्हणून पैसे वाचवायला कुणीतरी सुचवतं, ‘वॉर्निंगच्या खालचे लॉग पाठवू नका.’ अनेक फायरवॉलमध्ये फसलेलं लॉगिन वरच्या पातळीवर नोंदलं जातं आणि यशस्वी लॉगिन ‘इन्फर्मेशन’ या खालच्या पातळीवर. म्हणजे गाळणी लावली, की गोंगाट तेवढा उरतो आणि हवी ती ओळ गळून जाते. कात्री लावायचीच असेल तर फायरवॉलच्या ट्रॅफिक लॉगना लावा. व्हीपीएनच्या नोंदी मुळात थोड्या असतात, त्या सगळ्या जाऊ द्या.

२. आतला पत्ता नसेल तर नोंद निम्मी.

कोण आलं, कुठल्या सार्वजनिक आयपीवरून आलं, त्याला आतला कुठला आयपी मिळाला आणि तो कधी बाहेर पडला, या चार गोष्टी लागतात. तिसरी बऱ्याचदा राहून जाते. फाइल सर्व्हरच्या लॉगमध्ये तुम्हाला फक्त १०.८.०.१४ दिसतं. सकाळी तो पत्ता हिशेबनिसाकडे होता, दुपारी विक्रीतल्या कुणाकडे. हे कोडं फक्त व्हीपीएनची नोंद सोडवते. रात्री चौकशी सुरू झाल्यावर ही जोडणी हाताने करत बसण्यापेक्षा सीममध्ये आधीच करून ठेवावी.

वायरगार्ड हे व्हीपीएन वापरणाऱ्यांनी जरा सावध असावं. त्यात आत आला, बाहेर गेला अशी नोंदच मुळात होत नाही. प्रत्येक किल्लीचा शेवटचा हँडशेक कधी झाला, हे विचारता येतं. ते दर मिनिटाला विचारून नोंद आपणच तयार करावी लागते. वायरगार्ड मला आवडतं, पण ऑडिटरसमोर त्याची बाजू मांडताना घाम फुटतो.

३. साडेपाच तास.

लॉग पाठवण्याच्या सिस्लॉग पद्धतीचा जुना साचा, आरएफसी ३१६४, अजून सर्रास वापरात आहे. त्यातल्या वेळेत साल नसतं आणि टाइमझोनही नसतो. फायरवॉल यूटीसीवर आणि सीम भारतीय वेळेवर असेल, तर रात्री सव्वादोनचं लॉगिन आदल्या संध्याकाळी पावणेनऊचं दिसतं. रात्री सव्वादोनला आलेल्याला कुणीही हटकेल. पावणेनऊचा माणूस बिचारा उशिरापर्यंत काम करतोय असं वाटतं. शक्य असेल तिथे आरएफसी ५४२४ चा साचा निवडावा, त्यात झोनसकट पूर्ण वेळ असते. घड्याळं जुळवणं हा तर आता नियमच आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ती एनआयसी किंवा दिल्लीच्या एनपीएलच्या वेळेशी जुळलेली हवीत, लॉग १८० दिवस जपायला हवेत आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला हवी. त्याच आदेशातली पाच वर्षांची अट लोकांना व्हीपीएन विकणाऱ्यांसाठी आहे, कंपनीच्या अंतर्गत व्हीपीएनसाठी नाही. हे मला मीटिंगमध्ये वारंवार सांगावं लागतं.

४. यूडीपी म्हणजे पावतीविना टपाल.

पोर्ट ५१४ वरून यूडीपीने सोडलेला लॉग पोचला की नाही, हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही. सीम रीस्टार्ट होत असताना जे आलं ते गेलं. शिवाय मजकूर उघडा जातो. टीएलएससह ६५१४ हा पोर्ट बरा. त्याहून बरं म्हणजे मध्ये एक रिले ठेवायचा, आरसिस्लॉगचा, डिस्कवर रांग लावून देणारा. सीम बंद पडलं तरी नोंदी तिथे थांबून राहतात.

५. पोचलं ते दिसेलच असं नाही.

वाझू हे सीम घ्या. फुकट आणि चांगलं आहे, म्हणून आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दिसतं. लॉग येतोय हे टीसीपीडंपवर डोळ्यांनी दिसतं आणि डॅशबोर्ड मात्र रिकामा! कारण साधं आहे. ज्या ओळीला डिकोडर आणि नियम लागू पडत नाही, तिचा ॲलर्ट होत नाही आणि सगळे लॉग साठवण्याची सोय मुळात बंद असते. डिकोडर लिहावा लागतो, नियम एक लाखाच्या पुढच्या क्रमांकांत टाकावा लागतो, लॉगटेस्टवर खरी ओळ चालवून बघावी लागते. फायरवॉलचं फर्मवेअर बदललं की पुन्हा. लॉगचा साचा बदलल्याचं कंपनी रिलीज नोट्समध्ये कुठेतरी तळाला लिहिते, किंवा लिहीतही नाही.

६. नोंदी थांबल्या तर ओरडणारा नियम आधी लिहा, बाकीचे नंतर.

७. भूगोलावर फार विसंबू नका.

‘अशक्य प्रवास’ नावाचा नियम बऱ्याच सीममध्ये असतो: दहा मिनिटांपूर्वी पुण्यात असलेला माणूस आता दिल्लीत कसा? कागदावर छान दिसतो. आपल्याकडे मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवतात आणि तो आयपी नकाशावर भलत्याच शहरात दाखवला जातो. घरचं ब्रॉडबँड गेलं, फोनचा हॉटस्पॉट लावला, की झाला अशक्य प्रवास. गणपतीत निम्मं ऑफिस कोकणातून काम करतं तेव्हा तर हा नियम नुसता कोकलत असतो आणि शिफ्टवरची मुलं न वाचताच ॲलर्ट बंद करायला शिकतात. ही सवय एकदा लागली की सुटत नाही.

मी शहराऐवजी आयपीचा मालक बघतो. मोबाइल किंवा ब्रॉडबँड कंपनी असेल तर शहर कुठलंही असो, सहसा हरकत नाही. भाड्याने सर्व्हर देणाऱ्या होस्टिंग कंपनीचा पत्ता असेल, तर पुण्यातला दिसला तरी फोन करावा. विक्रीतला माणूस डेटा सेंटरमध्ये बसून लॉगिन का करेल?

८. युजरनेमच्या रकान्यात पासवर्ड सापडतात.

घाईत माणूस नावाच्या जागी पासवर्ड टाइप करून एंटर मारतो. लॉगिन फसतं, आणि फसलेलं ‘नाव’ उघड अक्षरांत लॉगमध्ये जातं. पुढच्याच ओळीत, त्याच आयपीवरून, खऱ्या नावाने यशस्वी लॉगिन असतं. दोन ओळी शेजारी ठेवल्या की जोडी जुळली. म्हणून हे लॉग कोण उघडू शकतं याची यादी छोटी ठेवावी, आणि असा प्रकार दिसला की त्या माणसाला शांतपणे पासवर्ड बदलायला सांगावं.

९. एचआर येणारच.

‘कोण किती तास जोडलेलं होतं, याचा रिपोर्ट द्या.’ हे टळत नाही. व्हीपीएन चालू ठेवून झोपता येतं, आणि फोनवर ग्राहकाशी तासभर भांडणाऱ्याला व्हीपीएन लागतही नाही. शिवाय मोबाइलच्या रेंजमुळे एका दुपारी एकाच माणसाची दहा सेशनं होतात. मी रिपोर्ट देत नाही. लॉग सुरक्षेसाठी गोळा केलेत, हजेरीसाठी नाहीत, हे धोरणात लिहून, वरच्यांची सही घेऊन ठेवलेलं असतं. विचारणारे आले की तो कागद दाखवतो. मागच्या वेळी आलेल्या बाईंनी त्याचा फोटो काढून नेला.