परसातील पाणी

आमचे गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी आहे. घरामागे लहानसे परसू आहे. त्यात हरळीची हिरवळ, एक पेरूचे झाड आणि तुळशीवृंदावन, एवढेच काय ते वैभव! हिवाळ्यात आम्ही भावंडे त्या हिरवळीवर पुस्तके घेऊन बसत असू. परंतु आषाढ लागला, की तिचा उत्तरेकडील सखल कोपरा तळ्यासारखा भरे. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी पाणी हटत नसे. आणि ते हटण्यापूर्वीच दुसरी सर येई. हरळी पिवळी पडून कुजे व तिच्या जागी लव्हाळा माजे. डासांचे तर फावलेच! अंड्यापासून उडता डास तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात.

एका वर्षी बाबांनी ठरविले, की दोन ट्रॉल्या मुरूम आणून तो कोपरा भरून टाकावा. आजोबा ओट्यावर सुपारी कातरीत बसले होते. ते म्हणाले, “भराव घाल, पण तिथले पाणी जाणार कुठे?”

“जाईल कुठेतरी, आबा,” बाबा म्हणाले.

“कुठेतरी म्हणजे पलीकडच्या घरात. त्यांची भिंत कच्च्या विटांची आहे, हे ठाऊक आहे ना?”

बाबा गप्प राहिले. मग आजोबांनी आम्हांला पूर्वी कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. तरुणपणी ते उसाला पाट भरभरून पाणी देत. पाणी जास्त झाले तर ऊस जास्त येईल, अशी त्यांची समजूत. ते पाणी जमिनीतून झिरपून खालच्या अंगाच्या रानात उतरले. तीन-चार वर्षांत ते रान चिबड झाले. उन्हाळ्यात त्यावर पांढरी खार फुटू लागली. “तो शेतकरी माझ्याकडे सांगायला आला, तेव्हा मी हसलो होतो,” एवढे बोलून आजोबांनी अडकित्ता खाली ठेवला. मुरूम आणण्याचा बेत तेथेच राहिला.

मग पाणी येते कोठून, हे आम्ही आधी पाहिले. भर पावसात डोक्यावर इरले घेऊन आजोबा परसात उभे राहिले. छपराच्या मागील पाख्याची पन्हळ सरळ हिरवळीवर पडत होती. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी एक लिटर भरते. आमचे पाखे ४० चौरस मीटर जागा झाकते. म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस झाला, की हजार लिटर पाणी आम्ही आमच्याच हाताने त्या कोपऱ्यात ओतत होतो!

आता मातीचा विचार. हा प्रयोग तुम्हांलाही करता येईल. काचेच्या बरणीत दोन मुठी माती घालावी, बरणी पाण्याने भरावी व चांगली हलवून ठेवावी. वाळूचे कण एक-दोन मिनिटांत तळाशी बसतात. अतिसूक्ष्म चिकणकण मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवतात. आमची बरणी तर दोन दिवस गढूळ होती. अशी काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पहिला पाऊस भेगांतून झटकन आत जातो. पुढे माती फुगते, भेगा मिटतात आणि पाण्याची वाट बंद होते. कणांमधील पोकळीत जी हवा असते, तिची जागा पाणी घेते. मुळांनाही हवा लागते. ती न मिळाल्यामुळे गवत गुदमरते. चिकण मातीत थोडी वाळू मिसळावी, असे पुष्कळ लोक सुचवितात. परंतु थोड्या वाळूने ती मोकळी न होता उलट अधिक टणक होते. शेणखत घालणेच बरे.

ओल्या काळ्या मातीत काम केल्यास ती तुडवली जाऊन आणखी घट्ट होते, म्हणून आम्ही माघापर्यंत थांबलो. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची टोके दोन खुंट्यांना धरली. दोन्हीकडील पाणी नेहमी एकाच पातळीत राहते, त्यावरून उंचसखल कळते. रस्त्याकडेच्या गटाराचा तळ आमच्या कोपऱ्याहून ६० सेंटिमीटर खाली निघाला. बाबांनी नगरपालिकेची परवानगी आणली. मग कोपऱ्यापासून गटारापर्यंत १० मीटर लांबीचा, ३० सेंटिमीटर रुंद चर खणला. आरंभी त्याची खोली ४५ सेंटिमीटर ठेवली व पुढे दर मीटरला एक सेंटिमीटर उतार दिला. चरात जाळीदार कापड अंथरले, तळाशी भोके पाडलेला नळ ठेवला आणि वरपर्यंत खडी भरली. कापड नसते, तर बारीक माती शिरून दोन-तीन वर्षांत खडी बुजली असती.

अशा चराला इंग्रजीत ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. मात्र फ्रान्स देशाशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतील न्यायाधीश हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी १८५९ साली शेतजमिनीच्या निचऱ्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या आडनावावरून हे नाव पडले. वॉशिंग्टन येथील लिंकनचा बसलेला पुतळा घडविणारे शिल्पकार फ्रेंच हे त्यांचेच पुत्र.

पन्हळीचे पाणी हौदात सोडले व हौदाची सांड चराला जोडली. हिरवळीचे थर कुदळीने अलगद सोलून सावलीत ठेवले, चरातून निघालेली वरची माती शेणखत मिसळून सखल भागात पसरली आणि थर पुन्हा जागेवर बसविले. हरळी मोठी चिवट. पंधरा दिवसांत तिने मुळे धरली.

पुढच्या आषाढात एका रात्री मुसळधार पाऊस झाला. पहाटे आजोबा कंदील घेऊन आधी शेजारच्यांची भिंत पाहून आले, मग गटारापाशी गेले. नळाच्या तोंडातून पाण्याची धार वाहत होती. दुपारपर्यंत कोपरा मोकळा झाला. वृंदावनाजवळ मात्र भराव थोडा दबून परातीएवढे डबके राहिले आहे. तेथे पाऊस सरल्यावर आणखी दोन घमेली माती टाकावी लागेल.