निदण आणि कडूपणाचे मूळ

शास्त्रपाठ : मत्तय १३:२४-३०, ३६-३८, इब्री १२:१४-१५

निदण पिकाचे अन्नपाणी खाते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. परंतु काही निदण त्याहून घातक असते; ते जमिनीत विष सोडते.

गाजर गवताचेच पाहू. बेळगावकडे त्याला काँग्रेस गवत म्हणतात. मूळचे अमेरिका खंडातले हे झाड १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आले. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानतात. त्याच्या पानांवरील बारीक लवेत पार्थेनिन नावाचे कडू द्रव्य असते. पावसाने ते धुऊन मातीत उतरते. मुळांतून आणि कुजणाऱ्या पाल्यातूनही विषारी द्रव्ये सुटतात. मग शेजारच्या बियांची उगवण घटते, रोपांची मुळे खुरटतात, कडधान्याच्या मुळांवर गाठी कमी धरतात. वरून पाहणारा बियाण्याला दोष देतो.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात अशाच कडू मुळाविषयी इशारा आहे : ते एका ठिकाणी अंकुरते, पण बाधा पुष्कळांना होते. मंडळ्यांत फिरताना आम्ही हे पाहिले आहे. दोन घराण्यांत जुना वाद असतो. उघड भांडण नसते, उपासनेला दोघेही येतात. पण प्रभुभोजनाच्या दिवशी एक घर मागे राहते. वाद कशाचा होता हे मुलांना सांगता येत नाही, तरी तरुण संघात ती एकमेकांशेजारी बसत नाहीत.

कोणी म्हणेल, प्रभूने तर निदण कापणीपर्यंत राहू द्या असे सांगितले. खरे आहे. पण त्या दाखल्यात शेत म्हणजे जग आणि निदण म्हणजे माणसे. माणसांना उपटण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या अंतःकरणातले कडू मूळ मात्र आपणच शोधले पाहिजे.

गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावे लागते, कारण एका झाडापासून हजारो बिया पडतात. त्याने अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालतात. मोकळ्या झालेल्या जागी टाकळा पेरतात. तो दाट वाढून गवताला वाव देत नाही. आपणही पश्चात्ताप करून थांबू नये. ज्याच्याशी बोलणे सुटले आहे, त्याच्या घरी पुढच्या प्रभुभोजनापूर्वी जाऊन यावे.

विचारासाठी प्रश्न :
१. आपल्या घरातील कोणता जुना राग मुलांपर्यंत पोहोचला आहे?
२. समेटासाठी पहिले पाऊल कोणी टाकावे? मत्तय ५:२३-२४ वाचा.