शिरगणतीच्या तक्त्यांत आपली घरे

उज्जैन जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १७,१०,९८२ होती, ती २०११ साली १९,८६,८६४ भरली. दहांतील सहा माणसे खेड्यांतली. तेथे मुख्य पिके सोयाबीन व गहू. शिंद्यांच्या अमदानीपासून येथे नांदणारी मराठी घरे मात्र या तक्त्यांत एकाच रकान्यावरून ओळखू येतात, तो मातृभाषेचा. देवास गेटापाशी आम्ही सारे हिंदीच बोलतो, त्यांत गैर काही नाही. परंतु २०११ च्या शिरगणतीने मातृभाषा मानली ती लहानपणी आईने आपल्याशी बोललेली, बाजारातली नव्हे. अवगत अशा आणखी दोन भाषांना निराळी जागा होती. प्रगणकास उत्तर बहुधा घरातील एकच माणूस देतो. म्हणून आम्हांस वाटते, ते आधी घरात बोलून ठेवावे. सुनेची भाषा माळवी असेल तर तिच्या नावापुढे माळवीच सांगावी.