आधी विचारा, खोडलेली फाइल परत मिळते का?

हिशेबाचं काम करणाऱ्याला पावसाळ्यात गिऱ्हाइकांपेक्षा विजेची धास्ती जास्त. खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, इथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. आमच्या बाजारपेठेत मात्र जुलैत दिवे लुकलुकायचे ते लुकलुकतातच.

अशाच एका संध्याकाळी टॅलीत एंट्री चालू असताना वीज गेली. यूपीएसची बॅटरी थकलेली, मशीन तिथेच बंद. वीज आल्यावर एका ट्रकमालकाचा डेटा उघडेना. दुसऱ्या कॉम्प्युटरवर आपोआप सिंक होणारी प्रत होती, म्हणून मी निवांत होतो. तीही उघडेना! सिंकने आपलं काम चोख केलं होतं. इकडची फाइल बदललेली दिसली, तिकडची चांगली फाइल काढली आणि बिघडलेली तिच्या जागी ठेवली. मालकाच्या पेनड्राइव्हवर मे महिन्यातला बॅकअप होता म्हणून निभावलं. पुढचं सगळं पंपाच्या पावत्यांवरून पुन्हा भरावं लागलं. पावत्या दमटपणाने एकमेकींना चिकटलेल्या, थर्मल कागदावरचे आकडे उडालेले. पंख्याखाली पसरून एकेक सोडवायची आणि उजेडाकडे धरून वाचायची.

सिंक आणि बॅकअप ही दोन वेगळी कामं आहेत, हे सॉफ्टवेअर विकणारा सांगत नाही. मोठ्यांचीही यात हीच गत होते. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं, तेव्हा आपल्याच रायगडातल्या न्हावाशेवा बंदरातलं तिचं टर्मिनलही अडकलं. जगभरच्या तिच्या मुख्य सर्व्हरांच्या प्रती सतत एकमेकांशी जुळवल्या जात आणि त्या सगळ्या एकदमच गेल्या. वाचली ती घानाच्या ऑफिसातली एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि ते मशीन नेटवर्कवर नव्हतं. वीज गेल्याने कुणाचं भलं झाल्याचा एवढाच किस्सा मला ठाऊक आहे.

म्हणून प्रती ठेवणारं सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न वेगाचा नाही, खोडलेल्या आणि बिघडलेल्या फाइलचा. फ्रीफाइलसिंक लहान ऑफिसला पुरतं. पण त्यातला ‘मिरर’ प्रकार निवडला की मूळ फोल्डरातून गेलेली फाइल प्रतीतूनही जाते. तिथे ‘व्हर्जनिंग’ लावून जुन्या फाइलींना वेगळा फोल्डर दाखवून द्या. सिंकथिंग दोन मशीन थेट जोडतं, फाइली कुणा तिसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवाव्या लागत नाहीत, हे मला आवडतं. मात्र जुन्या आवृत्त्या ठेवण्याची सोय त्यात मुळात बंद असते आणि ज्या मशीनवर प्रत जाते तिथे, फोल्डरगणिक, चालू करावी लागते. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट. पण ट्रॅशमधली फाइल ३० दिवसांनी कायमची जाते, आणि आमच्या धंद्यात चूक कळते ती ऑडिटला.

टॅली उघडी असताना तिचा डेटा फोल्डर कॉपी करू नका. अर्ध्या फाइली आधीच्या, अर्ध्या नंतरच्या, अशी खिचडी होते. टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि ती फाइल सॉफ्टवेअरच्या हवाली करा. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात, तेव्हा डिस्कही त्या बेताने घ्या. गिऱ्हाईक प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि हिशेब कॉम्प्युटरवर ठेवत असेल, तर २०२२ च्या दुरुस्तीपासून भारतातल्या सर्व्हरवर रोजचा बॅकअप बंधनकारक आहे. तिथे पेनड्राइव्हवर भागत नाही.

मी दोन एक्स्टर्नल डिस्क आलटून पालटून वापरतो. एक ऑफिसात, दुसरी घरी. कॉपी झाली की वायर काढायचीच. घर पाताळगंगा नदीच्या काठाला असेल तर पुराच्या भीतीने डिस्क वरच्या मजल्यावर ठेवा. अधूनमधून एखादा बॅकअप वेगळ्याच फोल्डरात उतरवून टॅलीत उघडतो आणि बँकेची शिल्लक पासबुकाशी ताडून बघतो.

लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक बघावं. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये बॅकअपची वेळ लावली, तर ‘वीजपुरवठा चालू असेल तरच सुरू करा’ अशा अर्थाची टिक आधीपासूनच असते. म्हणजे रात्री नऊला वीज गेलेली असली, तर लॅपटॉप बॅटरीवर व्यवस्थित चालू असूनही बॅकअप होत नाही. ती टिक काढा, आणि वेळ चुकल्यास शक्य तितक्या लवकर चालवण्याची टिक ‘सेटिंग्ज’ टॅबमध्ये लावून ठेवा.